उसनं पात्र, स्वतःचे बूट

नवशिक्याची अडचण अशी असते की आपल्याला नेमकं काय लागणार आहे हे त्याला शिकून झाल्यावर कळतं, आणि सामान मात्र शिकायला निघण्याआधी घ्यावं लागतं. दुकानदार हा प्रश्न पाच मिनिटांत सोडवून टाकतो. मला तो धर्माचा प्रश्न वाटतो. गरजेपुरतं घ्यावं असं सगळेच सांगतात, पण ज्याला आपली गरज अजून कळलेलीच नाही त्याने गरजेपुरतं घ्यायचं कसं?

निमित्त झालं माझ्या भाचीचं. ती ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन स्नोबोर्डिंग शिकायचं तिने ठरवलं आणि ‘मावशी, तू पण चल’ म्हणून मलाही तयार केलं. माझा नेरूळला फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. पन्नाशी फार लांब नाही, पण गुडघे शाबूत आहेत. बर्फ दोघींनीही पाहिलेला नव्हता. नवी मुंबईत स्वेटर निघतो तो जानेवारीतल्या एखाद्या आठवड्यापुरता, तोही पहाटे पाम बीच रोडला चालायला जाणाऱ्यांचा. बर्फ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे मासळीबाजारातली लादी येते. अशा गावात बसून आम्ही बर्फावरचं सामान निवडत होतो.

भाचीने केलेली यादी लांबलचक होती. बोर्ड, बोर्डवर पाय बांधायची बाइंडिंग्ज, बूट, हेल्मेट, गॉगल, जॅकेट, पॅन्ट, आतले गरम कपडे, मिटन्स, मनगटाचे गार्ड, माकडहाडाला मार लागू नये म्हणून पॅड लावलेली चड्डी, तोंडावरचा मास्क, बोर्डची बॅग, वॅक्स आणि ते लावायची इस्त्री. बेरीज लाखाच्या वर जात होती. मी म्हटलं, आपण बौद्ध घरातली माणसं, एवढा संभार कशाला? शेजारी बाबा पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, “घेऊ दे तिला. माझ्या बापाला पायात वहाण घालायची सोय नव्हती.”

बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यातून निवृत्त झाले. आजोबा माणगाव तालुक्यातले. गावच्या वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, आळी संपली की पुन्हा पायात घालायच्या, अशी त्यांच्या लहानपणी रीत होती. महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत ती होती. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांपुढे भाषण केलं, त्यात लुगडं कसं नेसावं, अंगावर चांदी-कथलाचे ढीगभर दागिने का घालू नयेत हे त्यांनी सांगितलं. पुढे धम्म देणाऱ्या माणसाने आधी अंगावर काय असावं याबद्दल इतकं बारीक बोलावं, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. आता वाटत नाही. ज्यांच्या पायात वहाणसुद्धा दुसऱ्याच्या मर्जीवर होती, त्यांना त्यागाचा उपदेश करणं हा क्रूरपणा झाला असता. सोडायला आधी हातात असावं लागतं. म्हणून बाबांच्या त्या एका वाक्याने माझी जीभ जागच्या जागी थांबली, आणि मग मी नीट विचाराला लागले.

अपरिग्रह या विषयावर आपल्याकडे थोर माणसांनी लिहून ठेवलेलं आहे. जैनांमध्ये तर दिगंबर आणि श्वेतांबर यांचा वाद पुष्कळसा याच जागी आहे: साधूच्या अंगावरचं वस्त्र हा परिग्रह म्हणायचा की नाही? उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात वस्तूला बाजूला ठेवून आसक्तीलाच परिग्रह म्हटलं. उत्तर खोल आहे. पण यादी हातात घेऊन बसलेल्या माणसाला ते पुरत नाही, कारण आपल्याला आसक्ती नाही असं प्रत्येकाला मनापासून वाटत असतं. भाचीलाही वाटत होतं.

भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ विनयपिटक मला जवळचं वाटतं ते त्यातल्या बारकाव्यांमुळे. बाबांनी धर्मानंद कोसंबींचं ‘बौद्धसंघाचा परिचय’ जपून ठेवलेलं आहे आणि माझं विनयाचं वाचन तिथूनच सुरू झालं. भिक्षूने काय बाळगावं याबद्दल विनय हवेत बोलत नाही. सुईचं घर कशाचं नसावं, पात्र कशाचं, चीवर किती दिवस जास्तीचं ठेवता येईल, सगळं सांगतो. पात्र लोखंडाचं किंवा मातीचं चालेल, सोन्याचं नाही, लाकडाचंही नाही. परंपरेने भिक्षूच्या आठ वस्तू मानल्या: तीन चीवरं, पात्र, वस्तरा, सुई, कमरेचा पट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. आणि जवळजवळ प्रत्येक नियमाच्या आधी एक गोष्ट येते. कोणी काहीतरी करून बसतो, लोक कुरकुर करतात, बुद्धांच्या कानावर जातं, मग नियम होतो.

पादत्राणांची गोष्ट सोण कोळिविसाची. चंपेच्या श्रीमंताचा हा मुलगा, तळपाय इतके नाजूक की त्यावर केस उगवले होते म्हणतात. खुद्द बिंबिसार राजाने ते पाय बघायला त्याला बोलावलं. तो भिक्षू झाला आणि राजगृहाजवळ शीतवनात चंक्रमण करू लागला, म्हणजे ठरलेल्या वाटेवर येरझाऱ्या घालत ध्यान. पाय फुटले. चालायची वाट कसाईखान्यासारखी रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेची उपमा देऊन अतिरेक सोडायला सांगितला, ती गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तिचा पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. बुद्ध त्याला म्हणाले, तू सुखात वाढलेला आहेस, तुला एका पदराच्या तळाच्या वहाणा वापरायची परवानगी देतो. सोणाने त्या नाकारल्या. मी ऐंशी गाड्या सोनं सोडून आलो, आता वहाणांना चिकटलो असं लोक म्हणतील. भगवंतांनी सगळ्या संघाला परवानगी दिली तर मीही घालीन. आणि बुद्धांनी ती सगळ्या संघाला दिली.

आजोबांची गोष्ट ठाऊक असलेल्या माझ्यासारखीला यातलं सोणाचं वाक्य सोडवत नाही. मला एकट्याला नको, सगळ्यांना द्या. आणि बुद्धांचंही विसरता येत नाही, की रक्ताळलेले पाय हे काही साधनेचं प्रमाणपत्र नव्हे. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या बायका दसऱ्यानंतर माझ्याकडे टाचा धरून येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, त्यांच्या टाचांबद्दल काळजी आहे. काहीच न बाळगणं ही आपोआप पुण्याई ठरत नाही, हे मला सोणाने शिकवलं.

म्हणून आम्ही बुटांपासून सुरुवात केली. स्नोबोर्डिंग जाणणारे लोकही हेच सांगतात: पैसे थोडे असतील तर ते बुटांत घाला. त्याचं कारण शरीराचं आहे. बोर्ड वळतो तो त्याच्या दोन कडांवर, कधी टाचेकडच्या, कधी बोटांकडच्या. कड बर्फात रुतवायची तर पायाने दिलेला दाब बुटातून बाइंडिंगला आणि बाइंडिंगमधून बोर्डला पोचला पाहिजे. बुटात टाच अर्धा इंच जरी उचलली गेली, तर तुम्ही वळायला सांगता आणि बोर्ड सरळच जातो. मग घाबरून माणूस मांडीचे स्नायू आवळून धरतो, पिंढऱ्या थरथरायला लागतात, आणि शिकणं राहतं बाजूला.

आम्ही मापं घेतली ती रात्री, दवाखाना बंद झाल्यावर, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात आणि बूट फुगलेल्या पायाला बसला पाहिजे. जमिनीवर कागद, कागदाची कड भिंतीला लावलेली, टाच भिंतीला टेकलेली, अंगाचा भार त्याच पायावर. पेन्सिल उभी धरून सगळ्यांत लांब बोटापुढे रेघ मारली. या बुटांचं माप पायाच्या सेंटिमीटरमध्ये असतं, त्यामुळे नेहमीच्या चपलेचा नंबर इथे कामाचा नाही. भाचीचा उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित लांब निघाला. तसा तो बहुतेकांचा असतो, आणि माप लांब पायाचं धरायचं. मी तिला पाय आपटून उभी केली, गुडघे वाकवायला लावले, तिची टाच दोन बोटांत धरून पाहिली. डावा घोटा आत कलत होता. तो मी तिच्या लहानपणापासून पाहत आले होते, पण यासाठी कधी पाहिला नव्हता.

नवी मुंबईत ट्रेकिंगचे बूट हवे तेवढे मिळतात, स्नोबोर्डचे आम्हाला मिळाले नाहीत. टोरंटोला असलेला माझा मामेभाऊ डिसेंबरात येणार होता, त्याला मापं पाठवली. बूट आले तेव्हा हॉलमध्ये एसी लावून आम्ही दोघी ते घालून बसलो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती जराशी मागे सरकली पाहिजेत. मोजा एकच, लोकरीचा. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्त दबतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. सुती मोजा तर नकोच, तो घामाने भिजतो आणि ओलाच राहतो. जन्मभर ‘सुती ते चांगलं’ हे ऐकत वाढलेल्या आम्हा कोकणवासियांना ही गोष्ट पचायला वेळ लागतो.

बूट स्वतःचे घ्यायचे आणि बोर्ड गुलमर्गला भाड्याने घ्यायचा, असं मी ठरवत आणलं होतं. त्याच सुमारास विनयाच्या महावग्गातली एक गोष्ट पुन्हा वाचनात आली आणि माझा विचार तिथेच अडला. उपसंपदेच्या वेळी, म्हणजे माणूस पूर्ण भिक्षू होतो त्या विधीत, उमेदवाराला काही प्रश्न विचारतात. माणूस आहेस ना, कर्जदार नाहीस ना, राजाच्या चाकरीतला नाहीस ना, आईबापांची परवानगी आहे ना. त्यांतच एक प्रश्न असतो: तुझं पात्र आणि चीवर पूर्ण आहेत ना? यामागची हकिकत अशी की भिक्षूंनी काहींना उसनं पात्र देऊन उपसंपदा दिली. विधी झाला, मालकाने पात्र परत मागून नेलं, आणि ते नवे भिक्षू ओंजळीत भिक्षा घेत गावभर फिरले. लोकांनी नावं ठेवली. तेव्हा नियम झाला, उसन्या पात्रावर कोणाला उपसंपदा देऊ नये.

अपरिग्रहाचं सगळ्यांत मोठं व्रत घेणाऱ्याला दारातच विचारतात, तुझं स्वतःचं आहे ना? मी ही गोष्ट बाबांना वाचून दाखवली. त्यांनी लगेच बोट ठेवलं. “मग बोर्ड उसना कसा चालतो तुला?”

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला विनयातच मिळालं. तिथे वस्तूंचे दोन ढीग आहेत. एक व्यक्तीच्या मालकीचा, दुसरा संघाच्या. पात्र, चीवर, सुई व्यक्तीची. विहार, मंचक, गादी, बसायचं पीठ ही संघाची. आज एक वापरतो, उद्या दुसरा. ही विभागणी किंमत पाहून केलेली दिसत नाही. रोज सकाळी ज्याच्यावाचून माणूस अडेल, ज्याची सवय त्याच्या हाताला आणि हाताची सवय त्याला लागायची आहे, ते त्याचं असावं. जे कोणालाही तितकंच बसतं ते सगळ्यांचं. बूट पायाच्या आकाराने दबत जातात, काही दिवसांत आतला फोम तुमच्याच घोट्याचा होतो. दुसऱ्याच्या घोट्याला घडलेला बूट घालून माझ्या भाचीचा आत कलणारा पाय आणखी कलला असता. बोर्डचं तसं नाही. शिकताना लागतो तो आखूड आणि लवचीक बोर्ड, चुका पोटात घालणारा. थोडं यायला लागलं की तोच नकोसा होतो. नवशिक्याने तो विकत घेणं म्हणजे आपण जे फार दिवस राहणार नाही त्याची मालकी घेणं.

आणि संघाच्या ढिगाची सोयही हवेतून होत नव्हती, हे सांगायला आपल्याला लांब जायला नको. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण कायम ठेव म्हणून दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे व्याजाने ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा 1 दराने. या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. हिशेब मांडून पाहा: महिन्याला 20, वर्षाला 240, आणि 20 भिक्षूंचे बाराबारा मिळून 240 च. मुद्दल कोणी मोडायचं नाही. जवळपास 1900 वर्षांपूर्वी महाराष्ट्रात कोणीतरी बसून असा चोख विचार केला की विरक्त माणसालाही दरवर्षी कापड लागतं, आणि ते त्याने मागत फिरू नये, साठवूही नये.

यादीतल्या बाकीच्या वस्तूंकडे आता वळते, कारण सुरुवातीच्या कोड्याची उकल मला तिथे झाली.

स्नोबोर्डचा जन्म 1965 च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मस्कीगन इथे झाला. शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनियरने मुलीला खेळायला दोन स्की एकमेकींना बांधून दिल्या. पुढच्या टोकाला धरायला दोरी. पाय बांधायला काही नाही, विशेष बूट नाहीत. त्याच्या बायकोने त्याला स्नर्फर नाव दिलं. 1977 मध्ये जेक बर्टन कारपेंटरने व्हर्माँटमध्ये बोर्ड बनवायला सुरुवात केली, आणि 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. हे वाचून कोणी म्हणेल, बघा, पहिल्या माणसाला दोरीशिवाय काही लागलं नाही, तुम्हालाच का एवढं? पण पाय बांधायचे पट्टे आले ते पाय सुटत होते म्हणून, लोखंडी कडा आल्या त्या कडक बर्फावर बोर्ड घसरत सुटायचा म्हणून, आणि हेल्मेटमागे किती डोकी आहेत ते सांगायला नको.

विनयाचे नियम असेच झाले आहेत. कोणीतरी ठेचकाळलं, मग नियम आला. म्हणजे चांगली यादी ही दुसऱ्यांच्या पडण्यातून तयार झालेली असते. नवशिक्याला स्वतःच्या अनुभवातून गरज कळणार नाही, पण त्याच्या आधी पडलेल्यांच्या अनुभवातून कळू शकते, आणि ते न पडताळता आधी स्वीकारावं लागतं. मला श्रद्धेचा हा अर्थ मान्य आहे. कोणीतरी आपल्या आधी इथे पडलेलं आहे आणि ते खोटं बोलत नाही, एवढा विश्वास.

यातून आम्हाला एक रीत सापडली. यादीतल्या प्रत्येक वस्तूपुढे मी भाचीला विचारत गेले, ही कोणाच्या पडण्यातून आली? भिक्षू चीवर वापरताना मनाशी उजळणी करतात की हे थंडी, ऊन, डास, वारा आणि लाज यांच्यापुरतं आहे. आमची उजळणी तशीच होती. हेल्मेटला उत्तर लगेच मिळालं. गॉगलला मिळालं, बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजतं. जॅकेटला मिळालं, नवशिका बर्फात बसून असतो, चालणाऱ्यापेक्षा जास्त भिजतो. वॅक्स आणि इस्त्रीला मिळालं नाही. बोर्डच्या बॅगेला मिळालं नाही, बोर्डच नव्हता. गॉगलच्या दुसऱ्या, रंग बदलणाऱ्या काचेपुढे भाची बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने स्वतःच रेघ मारली.

मनगटाच्या गार्डवर मात्र मी कोणाचं काही ऐकलं नसतं. नवशिक्या स्नोबोर्डरच्या दुखापतींत मनगट आघाडीवर असतं, आणि त्याचं कारण साधं आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, तोल गेला की पाऊल पुढे टाकता येत नाही, उरतात हात. माणूस तळवा पसरून पडतो आणि हाताच्या अंगठ्याकडचं लांब हाड मनगटाजवळ मोडतं. दर पावसाळ्यात स्टेशनच्या ओल्या जिन्यावर नेमकी हीच पडझड होते आणि प्लास्टर निघालं की ती माझ्याकडे येते. सहा आठवडे बांधून ठेवलेल्या मनगटाने पहिल्यांदा पोळी लाटताना बाई कशी रडते ते मी पाहिलेलं आहे. गार्डमधली पट्टी तो दणका पुढे हातभर पसरवते. सोबत मूठ मिटून, कोपर ते मनगट या भागावर पडायला शिकायचं. गादीवर उशा टाकून आम्ही हे घरी केलं. बाबा बघत होते. कारखान्यात त्यांना दरवर्षी सेफ्टी शूज मिळायचे आणि ते न घालणाऱ्या पोरांवर ते फार चिडायचे.

आपलं काय आणि सगळ्यांचं काय, ही वाटणी दुसऱ्या खेळांतही दिसते. 2016 साली याच नवी मुंबईत बोल्डरिंगचा विश्वचषक झाला होता. दोराशिवाय, उंचीने बेताच्या भिंतीवर चढायचा हा खेळ. जगातले पहिल्या फळीचे खेळाडू आले. अंगावर साधा शर्ट, हाताला खडूची पूड, आणि पायात घट्ट बूट, बस्स. पण भिंतीखाली गाद्या अंथरलेल्या असत, त्या कोणा एकाच्या नव्हत्या.

एक गोष्ट मात्र घरी बसून ठरत नाही. सोणाच्या गोष्टीतल्या वहाणांना बुद्धांनी एका पदराच्या तळाची मर्यादा घातली होती. पुढे अवंती दक्षिणापथातून, म्हणजे उज्जैन-माहिष्मतीकडच्या मुलुखातून, महाकात्यायन या भिक्षूंनी निरोप पाठवला की आमच्याकडची जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवून कठीण झालेली आहे. बुद्धांनी सीमेकडच्या सगळ्या प्रदेशांसाठी अनेक पदरांच्या तळाच्या वहाणा मंजूर केल्या. चामड्याची अंथरुणंही मंजूर केली, वारंवार आंघोळही. ज्याने नियम केला त्यानेच जमीन बघून तो सैल केला. आपल्या शेजारच्या मुलुखातल्या काळ्या मातीने विनयात एवढी जागा मिळवली आहे, याचा मला आनंद होतो.

गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर आहे, आणि तिथला गोंडोला अफरवत डोंगराच्या खांद्यावर 3900 मीटरच्या पुढे नेतो. तंगमर्गपासून वर गाडीच्या चाकांना साखळ्या लावल्या होत्या. स्थानिक माणसं फेरनच्या आत कांगडी धरून उभी. आमच्या शिक्षकाने आमची यादी विचारली नाही. त्याने आधी बूट पाहिले, टाचेपाशी धरून हलवले, लेस पुन्हा आवळायला लावली. मग भाचीला सरळ उभं करून मागून हलकेच ढकललं. तिचा उजवा पाय पुढे पडला, म्हणजे बोर्डवर उजवा पाय पुढे. हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. भाड्याच्या बोर्डांतून त्याने एक उचलून तिच्या हनुवटीशी लावला, परत ठेवला, आणखी आखूड दिला. तिला उंच हवा होता. आपली गरज आपल्यापेक्षा समोरच्याला आधी दिसते, हे मी दवाखान्यात रोज अनुभवते, पण आमच्याच पायांच्या बाबतीत ते होताना पाहणं वेगळं होतं. शिक्षकाच्या आधाराने पहिली काही वर्षं राहणं नव्या भिक्षूला बंधनकारक आहे, त्यामागचं शहाणपण त्या उतारावर मला पुरतं समजलं.

परत आल्यावर भाचीला स्वतःचा बोर्ड हवासा वाटू लागला. मी तिला पात्राचा दुसरा नियम सांगितला. ज्या भिक्षूच्या पात्राला पाचपेक्षा कमी सांधे आहेत त्याने नवं पात्र मागू नये. मागून घेतलंच, तर ते संघापुढे ठेवायचं. ते वरपासून एकेकापुढे फिरतं, ज्याला हवं तो ते घेतो आणि आपलं जुनं पुढे देतो, आणि शेवटी उरलेलं सगळ्यांत वाईट पात्र त्या मागणाऱ्याच्या हातात येतं: हे तुझं, फुटेपर्यंत वापर. भाचीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, पण भाड्याच्या बोर्डच्या कडा बोथट होत्या. बोटांकडच्या कडेवर मी उभीच राहू शकत नव्हते. ते उसनं पात्रच झालं की.” तिचं म्हणणं खरं होतं. तिथल्या शिक्षकाला तिने फोनवर विचारलं. एकामागून एक दोन्हीकडची वळणं सलग घेता यायला लागली की घे, तोवर भाड्याच्या बोर्डच्या कडा धार लावून माग, असं त्याने सांगितलं. तिने ते मानलं.

दरम्यान तिच्या ऑफिसातल्या काही मुलामुलींना पुढच्या हिवाळ्यात जायचं आहे. त्यांना उषवदाताच्या लेखाबद्दल तिनेच सांगितलं, आणि त्यांनी दर महिन्याला थोडे पैसे एकत्र ठेवायला सुरुवात केली आहे. त्यातून हेल्मेटं, गार्ड, गॉगल आणि दोन जॅकेटं घ्यायची, जो जाईल त्याने न्यायची. बूट ज्याचे त्याने. बाबांनी त्यात स्वतःहून पैसे घातले आणि अट घातली की पैसे नाहीत म्हणून कोणाला नाही म्हणायचं नाही.

आता त्यांच्यात वाद चालू आहे तो परत करण्याच्या रीतीवर. मी त्यांना विनयाच्या पाचित्तिय नियमांमधला एक काढून दिला: संघाचा मंचक किंवा गादी उघड्यावर पसरून, ती आत न ठेवता, कोणाला सांगितल्याशिवाय जो भिक्षू निघून जातो त्याला दोष लागतो. मुलांनी तो त्यांच्या वहीत घेतला आहे. जॅकेट वाळवून, हेल्मेटच्या आतलं अस्तर धुऊन, गार्डचे पट्टे तपासून, पुढच्याच्या हातात द्यायचं. ओलं जॅकेट पिशवीत कोंबून आणलं, तर पुढच्या वेळी त्याचा नंबर शेवटी. किती वेळ वाळवायचं यावर अजून एकमत नाही, कारण ऐरोलीत जुलैमध्ये काहीच वाळत नाही.